नर्सिंग कॉलेजमध्ये कम्प्युटरवर सेशनल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) घ्यायचीय? सॉफ्टवेअरच्या आधी ही कामं उरका

ओळखीच्या कॉलेजमधून मला साधारण एकाच प्रकारचे फोन येतात. "मॅडम, सॉफ्टवेअर घेतलं, मुलांना लॉगिन दिले, पण पहिल्याच टेस्टला गोंधळ झाला, आता प्रिन्सिपल मॅडम म्हणतायत की परत कागदावरच घ्या." नीट विचारपूस केली की प्रत्येक ठिकाणी तेच निघतं, सॉफ्टवेअर सगळ्यात आधी घेतलेलं असतं, प्रश्न आदल्या रात्री टाइप केलेले असतात आणि रंगीत तालीम झालेलीच नसते. म्हणजे क्रम बरोब्बर उलटा. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, आणि विनंती एवढीच की टप्पे गाळू नका.

मी असं धरून चाललेय की बी.एस्सी. नर्सिंगची ६० जणांची बॅच आहे, लॅबमध्ये चालू स्थितीतले २२ कम्प्युटर आहेत, नेटचा भरवसा नाही आणि परीक्षा सांभाळायला तुम्ही तिघी-चौघी ट्यूटर आहात. जीएनएम डिप्लोमाला पण हेच चालतं, आकडे तेवढे बदला.

टप्पा १: नेमकी कुठली परीक्षा कम्प्युटरवर, हे आधी ठरवा

सगळंच ऑनलाइन करायच्या मागे लागू नका. सेमिस्टर पॅटर्नमध्ये थिअरीला इंटर्नल २५ आणि विद्यापीठाचे ७५ मार्क, आणि त्या ७५ च्या पेपरात मुलांना हाताने मोठी उत्तरं लिहायची असतात. लाँग आन्सरचा सराव कागदावरच झाला पाहिजे, तो काढून घेतलात तर मुलांचं नुकसान होतं, हे मी पाहिलेलं आहे, सेशनलला उत्तम मार्क आणि विद्यापीठात तीन तास लिहिताना हात दुखतो म्हणून शेवटचा प्रश्न सुटलेला. कम्प्युटरवर घ्यायच्या त्या युनिट टेस्ट, एमसीक्यूचा भाग, ड्रग कॅल्क्युलेशन आणि केसवर आधारित प्रश्न. पुढे एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, नॉरसेट, कम्प्युटरवरच असते आणि तिथे चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, नर्स म्हणून यूकेला जायचं तर सीबीटी, अमेरिकेला एनक्लेक्स, या परीक्षाही कम्प्युटरवरच, तेव्हा ही सवय लागायलाच हवी, पण लिहिण्याची सवय मोडून नको.

एकच विषय घ्या. फार्माकॉलॉजी किंवा अॅडल्ट हेल्थ नर्सिंग चांगला, कारण दोन्हीत केस आणि आकडेमोड दोन्ही येते. पहिली टेस्ट शून्य मार्कांची, दुसरी थोड्या मार्कांची, तिसरीपासून इंटर्नलमध्ये धरायची.

तपासा: टेस्टची तारीख लावताना पोस्टिंगचा रोटा समोर ठेवा. रात्री वॉर्डात नाइट केलेली मुलगी सकाळी १० ला स्क्रीनसमोर बसवली तर तुम्ही तिची झोप मोजताय, फार्माकॉलॉजी नाही.

टप्पा २: प्रश्न, आणि यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या

निम्म्याहून जास्त मेहनत इथे आहे. एका ३० मार्कांच्या टेस्टसाठी किमान तीन आठवडे आधी सुरुवात करा.

आधी ब्लूप्रिंट. एका कागदावर उभे युनिट लिहा, आडवं लिहा की निव्वळ आठवण तपासणारे किती, समज तपासणारे किती आणि पेशंटसमोर निर्णय घ्यायला लावणारे किती. ब्लूप्रिंट केली नाही तर काय होतं की ज्या युनिटचे एमसीक्यू गाइडमध्ये तयार मिळतात त्याचेच १२ प्रश्न येतात.

मग प्रश्न लिहा. "सीरम पोटॅशियमची नॉर्मल रेंज किती" हा आठवणीचा प्रश्न, एखाद-दुसरा ठेवा. पण त्याच मुद्द्यावर असा प्रश्न करता येतो: पेशंटला फ्युरोसेमाइड आणि डिगॉक्सिन चालू आहे, सकाळच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम २.९, एपिकल पल्स ५२, आता डिगॉक्सिनचा डोस द्यायची वेळ झालीय, तू सगळ्यात आधी काय करशील? इथे रेंज माहीत असावी लागते, पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनची टॉक्सिसिटी वाढते हे माहीत असावं लागतं आणि डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं हा निर्णय घ्यावा लागतो. एका प्रश्नात तिन्ही गोष्टी तपासून होतात, आणि गाइड पाठ करून हा सुटत नाही.

आता हमखास होणाऱ्या चुका.

"वरीलपैकी सर्व" आणि "अ व ब दोन्ही" हे पर्याय काढून टाका. कम्प्युटर पर्याय उलटसुलट करतो, मग "वरीलपैकी सर्व" पहिल्या नंबरवर येतं आणि त्याच्या वर काहीच नसतं, मुलं हात वर करून विचारत बसतात.

आकडेमोडीच्या प्रश्नात उत्तराची मर्यादा ठरवा. हे मी स्वतः चुकलेय म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रश्न साधा होता, ५०० मिली नॉर्मल सलाइन ४ तासांत द्यायचंय, सेटचा ड्रॉप फॅक्टर १५, मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले १५ भागिले २४० मिनिटं, म्हणजे ३१.२५. मी उत्तर भरलं ३१, कारण पाव थेंब कोणी मोजत नाही. ज्या मुलांनी प्रामाणिकपणे ३१.२५ टाइप केलं त्यांना शून्य, एकीने "३१ थेंब" असं शब्दासकट लिहिलं तिलाही शून्य, आणि मोबाइलवर देणाऱ्या दोघांचा कीबोर्ड मराठीत होता, त्यांचे देवनागरी आकडे सिस्टीमने घेतलेच नाहीत. या सगळ्यांचं गणित बरोबर होतं. तेव्हापासून प्रश्नातच लिहिते, "उत्तर पूर्ण संख्येत, फक्त इंग्रजी आकड्यात, युनिट लिहू नका", आणि शिवाय सेटिंगमध्ये ०.२५ ची सूट देऊन ठेवते.

मराठीत प्रश्न असतील, एएनएम कोर्सला तर असतातच, तर ते युनिकोडमध्ये टाइप झालेत का बघा. ऑफिसमधल्या क्लार्ककडे जुने प्रश्न बऱ्याचदा श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये असतात, ते अपलोड केले की स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी कन्व्हर्ट करा, मग जोडाक्षरं नजरेखालून घाला, कन्व्हर्ट करताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी सगळ्यात जास्त हलतात.

वॉर्डातल्या पेशंटचा फोटो, नाव दिसणारा एक्स-रे किंवा केसपेपर प्रश्नात टाकू नका. जखमेचा फोटो हवाच असेल तर लेखी परवानगी घेऊन, ओळख पटणार नाही असा. प्रश्न एकदा स्क्रीनवर गेला की कोणाच्या फोनमध्ये जाईल सांगता येत नाही.

तपासा: प्रत्येक प्रश्न दुसऱ्या ट्यूटरने आन्सर की न बघता सोडवला पाहिजे. तिचं उत्तर वेगळं आलं तर वाद घालू नका, प्रश्न बदला.

टप्पा ३: आता सॉफ्टवेअर

पैसे नसतील तर मूडल घ्या, फुकट आहे आणि नर्सिंगच्या टेस्टला पुरून उरतं. गुगल फॉर्म वर्गातल्या छोट्या क्विझला ठीक, पण त्यात आपला टायमर नाही आणि मुलं दुसरी टॅब उघडून उत्तर शोधू शकतात, मार्कांच्या परीक्षेला तो वापरू नका. विकत घेणार असाल तर सेल्सवाल्याला डेमो त्याच्या लॅपटॉपवर नको, तुमच्या लॅबमध्ये तुमच्या नेटवर द्यायला सांगा, आणि विचारा की आमचे प्रश्न आम्हाला परत फाइलमध्ये काढून मिळतील का. नाही म्हणाला तर घेऊ नका, तुमची तीन वर्षांची मेहनत त्याच्याकडे अडकेल.

मूडलमध्ये प्रश्न एकेक करून भरत बसू नका. एकेन नावाचा साधा फॉरमॅट आहे, नोटपॅडमध्ये प्रश्न, खाली इंग्रजी कॅपिटल अक्षराने चार पर्याय, शेवटच्या ओळीत कॅपिटलमध्ये आन्सर, कोलन आणि बरोबर अक्षर. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायची. आणि प्रश्न कितीही मोठा असला तरी एकाच ओळीत पाहिजे, केस लिहिताना मध्ये एंटर मारला की इम्पोर्ट तिथेच अडकतं. दहा जणांनी विचारलं तर आठ जणांचं हेच असतं.

पाच सेटिंग न चुकता बघा:

१. टाइम झोन कोलकाता. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) राहिला तर सकाळी १० ला लावलेला पेपर आपल्याकडे दुपारी साडेतीनला उघडतो.

२. टेस्ट संपल्यावर बरोबर उत्तरं दिसण्याचा पर्याय बंद. नाहीतर पहिली बॅच उत्तरं वाचून बाहेर पडते आणि दुसरी आत यायची असते.

३. वेळ संपली की पेपर आपोआप सबमिट.

४. अटेम्प्ट एकच.

५. यूजर अपलोड करताना "पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला" हे काढून टाका. परीक्षेच्या दिवशी ६० जण नवीन पासवर्ड बनवतात आणि २० जण पाच मिनिटांत विसरतात.

लॅबच्या विंडोज कम्प्युटरवर सेफ एक्झाम ब्राउझर टाका, तोही फुकट आहे, परीक्षा चालू असताना दुसरं काही उघडू देत नाही. पण तो अँड्रॉइडवर चालत नाही. मुलांच्या मोबाइलवर परीक्षा घेऊ म्हणून ठरवलेलं असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या. माझं मत विचाराल तर मार्कांची टेस्ट मोबाइलवर घेऊच नये. एकाच्या फोनला ५ टक्के बॅटरी, दुसऱ्याची स्क्रीन फुटलेली, तिसरीकडे फोनच नाही, ही बरोबरीची परीक्षा होत नाही.

टप्पा ४: लॅब, वीज आणि नेट

नेटचा भरवसा नसेल तर नेटवर अवलंबूनच राहू नका. लॅबमधल्याच एका बऱ्या कम्प्युटरवर मूडल टाकून तो सर्व्हर करायचा, बाकीचे कम्प्युटर केबलने एका नेटवर्क स्विचवर जोडायचे, बाहेरचं नेट बंद पडलं तरी परीक्षा चालू राहते. कॉलेजच्या कम्प्युटरवाल्या सरांना एक दिवसाचं काम आहे. सर्व्हरचा आयपी फिक्स करायला सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तोच पत्ता उघडत नाही.

वायफायवर २० जण एकाच वेळी बसवणार असाल तर घरगुती राउटर चालणार नाही. केबल दिसायला गबाळी दिसते पण दगा देत नाही.

सर्व्हर, स्विच आणि राउटर हे तिन्ही यूपीएसवर हवेत. खूप ठिकाणी कम्प्युटरना इन्व्हर्टर असतो आणि भिंतीवरचा नेटवर्क स्विच साध्या प्लगवर, मग लाइट गेली की कम्प्युटर चालू आणि परीक्षा बंद.

एक बारीक गोष्ट. जुन्या कम्प्युटरमधला बटन सेल संपलेला असतो, त्यामुळे दरवेळी चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. परीक्षा नेटवरच्या साइटवर असेल तर तारीख चुकलेल्या मशीनवर ती साइट सुरक्षित नाही म्हणून उघडतच नाही. मुलगी बिचारी पासवर्ड परत परत टाकत बसते आणि सगळे म्हणतात हिचं लॉगिन गंडलंय. सेल चाळीस-पन्नास रुपयांचा असतो, सगळे बदलून टाका.

तपासा: २२ पैकी एक सर्व्हरला गेलं, २० मशीनवर मुलं, १ रिकामं ठेवा. एखादं मशीन बंद पडलं की दुरुस्त करत बसायचं नाही, मुलीला उठवून रिकाम्या मशीनवर बसवायचं. मूडलमध्ये उत्तरं दर मिनिटाला सेव्ह होतात, परत लॉगिन केलं की जिथे होती तिथून सुरू होतं.

टप्पा ५: परीक्षेआधी वर्गात सवय लावा

खेड्यातून आलेल्या कित्येक मुलांनी मोबाइल भरपूर वापरलेला असतो पण माउस हातात धरलेला नसतो. त्यांना फार्माकॉलॉजी येते, स्क्रोल करता येत नाही. त्यामुळे महिनाभर आधी वर्गात छोटे प्रश्न सुरू करा.

लेक्चरच्या मध्ये एकच प्रश्न स्मार्ट बोर्डवर दाखवा, सगळ्यांनी उत्तर द्यायचं, उत्तर लगेच सांगायचं नाही, शेजारणीशी दोन मिनिटं बोलून परत उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी आकडे कसे बदलतात ते बघा, मुलांनाही दाखवा. वर्गात फोन आणू द्यायचे नसतील तर प्लिकर्सची कार्डं छापून घ्या, प्रत्येकीच्या हातात एक कार्ड, ज्या बाजूने वर धरलं ते उत्तर, आणि स्कॅन फक्त ट्यूटरच्या फोनने होतं. मागच्या बाकावरची कधीच न बोलणारी मुलगीसुद्धा कार्ड वर करते. मला या सगळ्या तंत्रज्ञानातलं सगळ्यात आवडतं काय विचाराल तर हे.

त्याच महिन्यात लॅबमध्ये प्रत्येकीला दोनदा वीस-वीस मिनिटं बसवा, लॉगिन करायचं, पाच प्रश्न सोडवायचे, मागे जाऊन उत्तर बदलायचं, सबमिट करायचं. एवढंच.

टप्पा ६: रंगीत तालीम

परीक्षेच्या आठवडाभर आधी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला, २० जणांना एकत्र बसवून. दोन ट्यूटरनी आपापल्या लॅपटॉपवर उघडून बघितलं म्हणजे तालीम नाही. वीस जणांनी एकाच सेकंदाला स्टार्ट दाबल्यावर काय होतं तेच बघायचंय.

तालमीत मुद्दाम लाइट बंद करा. मेन स्विच खाली. किती मिनिटं यूपीएस टिकतो, किती मशीन रिस्टार्ट होतात, परत लॉगिनला किती वेळ लागतो, सगळं वहीत लिहा. मशीन बंद असताना मूडलचा टायमर थांबत नाही, तो सर्व्हरवर चालूच असतो, त्यामुळे ज्यांची मिनिटं गेली त्यांना ओव्हरराइडमध्ये जाऊन वेळ वाढवून द्यावा लागतो. हे कुठे असतं, कसं करायचं, हे किमान दोन ट्यूटरना डोळे मिटून आलं पाहिजे.

सावधान: तालमीला खरे प्रश्न वापरू नका. होतं असं, "आहेतच ना तयार, तेच टाकूया," आणि संध्याकाळी सगळे प्रश्न व्हॉट्सअॅपवर.

टप्पा ७: परीक्षेचा दिवस

६० मुलं, २० मशीन, म्हणजे तीन बॅच. ३० प्रश्न, ४० मिनिटं, मध्ये १५ मिनिटं बदलायला. पहिली बॅच १०, दुसरी १०.५५, तिसरी ११.५०, साडेबाराला संपलं.

तीन बॅचना तीन वेगळे पेपर काढा असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. सारख्या कठीणपणाचे तीन सेट काढायला आधी तपासलेले शेकडो प्रश्न लागतात, ते सुरुवातीला कोणाकडेच नसतात, आणि मग तिसऱ्या बॅचला अवघड पेपर आला अशी तक्रार येते आणि ती खरीही असते. त्यापेक्षा पेपर एकच ठेवा आणि बॅच भेटू देऊ नका. सगळ्या ६० जणांनी पावणेदहाला हजर राहायचं, फोन जमा, दुसरी-तिसरी बॅच एका वर्गात एका ट्यूटरसोबत, वाचायला नोट्स चालतील, बाथरूमला एका वेळी एकच. सुटलेली बॅच दुसऱ्या जिन्याने खाली. शेवटच्या बॅचला जवळपास दोन तास बसावं लागतं, तेव्हा पाणी आणि बिस्किटं ठेवा आणि पुढच्या वेळी बॅचचा क्रम फिरवा.

सकाळी ८.३० ला सगळी मशीन चालू करून विंडोज अपडेट थांबवा. प्रत्येक टेबलावर छापील चिठ्ठी, रोल नंबर, लॉगिन, पासवर्ड. आणि कपाटात सीलबंद ६० छापील पेपर. हे बघून हसणारे भेटतील, तरी ठेवा. नियम आधीच लिहून नोटीस बोर्डावर लावा: व्यत्यय १५ मिनिटांपेक्षा जास्त गेला तर त्या बॅचची परीक्षा कागदावर. ऐनवेळी हॉलमध्ये उभं राहून ठरवायला गेलात की तिघी तीन गोष्टी सांगतात आणि मुलं रडकुंडीला येतात.

टप्पा ८: निकाल लावायच्या आधी प्रश्न तपासा

कम्प्युटरने मार्क एका सेकंदात दिले म्हणून निकाल एका सेकंदात लावायचा नसतो. एक दिवस थांबा.

मार्कांप्रमाणे यादी लावा, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या, ६० मध्ये १६-१६ येतात. समजा एक प्रश्न वरच्यातल्या १४ जणांना आणि खालच्यातल्या ६ जणांना आला. १४ वजा ६ भागिले १६, म्हणजे ०.५, प्रश्न उत्तम. २० भागिले ३२, म्हणजे ०.६३ च्या आसपास, कठीणपणा ठीक. फरकाचा आकडा ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न परत वाचा, उणे आला तर नक्कीच काहीतरी चुकलंय. मूडल स्वतःही असे आकडे देतं पण त्याची काढायची पद्धत वेगळी आहे, हाताने काढलेल्याशी ते जुळवत बसू नका.

आमच्याकडे इन्सुलिनचा एक प्रश्न असाच सापडला. "रेग्युलर आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घेताना सुई आधी कोणत्या व्हायलमध्ये जाईल?" आन्सर कीमध्ये रेग्युलर. वरच्या १६ मधल्या फक्त ५ जणांचं बरोबर, खालच्या १६ मधल्या ११ जणांचं, म्हणजे उणे ०.३८. हुशार मुलं चुकली कशी? चुकली नव्हतीच. एनपीएचच्या व्हायलमध्ये आधी हवा सोडायची असते, म्हणजे सुई आधी तिथेच जाते, ज्यांनी प्रोसिजर खरोखर हाताने केली होती त्यांनी एनपीएच मार्क केलं. ज्यांनी "आधी क्लिअर (रेग्युलर), मग क्लाउडी (एनपीएच)" एवढंच पाठ केलं होतं त्यांनी रेग्युलर. प्रश्न आमचा चुकीचा होता. दोन्ही उत्तरं ग्राह्य धरून रीग्रेड केलं आणि प्रश्न बदलून "कोणतं इन्सुलिन आधी ओढून घ्याल" असा केला. कागदावरच्या टेस्टमध्ये हे आम्हाला कधीच कळलं नसतं, इतकी वर्षं तोच प्रश्न येत होता.

चुकीचा प्रश्न निघाला तर काय करायचं, सगळ्यांना मार्क की प्रश्न रद्द, हेही टेस्टच्या आधीच मिटिंगमध्ये लिहून घ्या. नंतर ठरवलं की कोणाच्या तरी बाजूने ठरवल्यासारखं वाटतं.

मग निकाल लावा, आणि त्याच आठवड्यात एक तास फक्त चुकलेल्या प्रश्नांवर वर्ग घ्या. निकालाची एक प्रत, ज्यांना वेळ वाढवून दिला त्यांची नावं आणि कारणं, आणि प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे दोन आकडे, एवढं फाइलला लावा. सर्व्हरचा बॅकअप दोन ठिकाणी, त्यातला एक प्रिन्सिपल मॅडमच्या कपाटात, आणि प्रश्नांची फाइल कुठल्याही ग्रुपवर किंवा ट्यूटर सोडून इतर कोणाच्या पेनड्राइव्हवर नको. पुढची टेस्ट करताना जुन्यातले चांगले आकडे आलेले दहा-बारा प्रश्न केसमधले आकडे बदलून घ्या आणि बाकीचे नवे लिहायला परत तीन आठवडे आधी बसा.